घाटी सुब्रह्मण्य : नागशिळांच्या गावी

बेंगळुरूहून उत्तरेकडे जाणारा रस्ता येलहंका मागे टाकून सुमारे चाळीस किलोमीटरवर दोड्डबळ्ळापूर या गावी पोहोचतो. हे विणकरांचे गाव. रेशमी आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट येथे गल्लोगल्ली ऐकू येतो. गाव संपताच मात्र देखावा एकदम पालटतो. नाचणीची शेते, तुतीचे मळे, निलगिरीच्या राया आणि त्यांच्यामधून डोके वर काढणारे ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे हा या पठाराचा खरा चेहरा होय. पश्चिमेस माकळीदुर्गाचा कडा दिसू लागला, की प्रवाशाने ओळखावे, घाटी जवळ आले. बेंगळुरूपासून हे अंतर साधारण साठ किलोमीटर भरते. रेल्वेने जाणाऱ्यास माकळीदुर्ग स्थानकावर उतरून उरलेले काही किलोमीटर वाहनाने जाता येते. पण बहुतेक यात्रेकरू बसनेच येतात. मंगळवारी, रविवारी आणि शुद्ध षष्ठीला या बसगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

घाटी सुब्रह्मण्य हे नागरूपातील कार्तिकेयाचे स्थान आहे. दक्षिण कर्नाटकात सुब्रह्मण्याची अनेक क्षेत्रे असली, तरी पश्चिम घाटाच्या कुशीतील कुक्के आणि बेंगळुरूजवळचे घाटी या दोहोंचे माहात्म्य विशेष. कुक्केची यात्रा दूरची आणि खर्चाची. घाटीला मात्र शहरातील कारकून, गिरणीतला कामगार किंवा आसपासच्या खेड्यातील शेतकरी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतू शकतो. म्हणूनच या मंदिरात येणारी गर्दी एका जातीची वा एका थराची नसते. मंदिराचा कारभार कर्नाटक शासनाच्या मुजराई खात्याकडे, म्हणजे धर्मादाय देवस्थानांच्या खात्याकडे आहे.

मूर्ती एकच, परंतु देव दोन, हे येथील वैशिष्ट्य. काळ्या पाषाणात सात फणांचा नाग पूर्वेकडे तोंड करून आहे, तो सुब्रह्मण्य. त्याच पाषाणाच्या पाठीमागच्या बाजूस, पश्चिमाभिमुख असा नरसिंह आहे. मूर्ती कोणी घडविलेली नसून स्वयंभू आहे, अशी भक्तांची श्रद्धा. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला पाठीकडचा देव कसा दिसावा? त्यासाठी गाभाऱ्यात मूर्तीच्या मागे मोठा आरसा बसविलेला आहे. भक्त प्रथम नागाला हात जोडतो, मग मान किंचित उंच करून आरशातील नरसिंहाचे दर्शन घेतो. गर्दीच्या दिवशी हे सारे दोन-चार क्षणांत उरकावे लागते, आणि पहिल्यांदाच आलेल्या पुष्कळांच्या लक्षात आरसा येतो तोवर रांग पुढे सरकलेली असते.

शैव परंपरेतला कार्तिकेय आणि वैष्णवांचा नरसिंह यांना एकाच शिळेत पाठीला पाठ लावून बसविण्याचे कारण काय, याची कथा येथे सांगितली जाते. घटिकासुर नावाच्या दैत्याचा वध सुब्रह्मण्याने या परिसरात केला आणि तो नागरूपाने येथेच तपाला बसला. परंतु नागकुळाचा जन्मवैरी गरुड. त्याच्या भयाने नागांनी विष्णूची प्रार्थना केली, तेव्हा विष्णू नरसिंहरूपाने नागाच्या पाठीशी येऊन उभा राहिला. गरुड हे विष्णूचे वाहन. ज्याच्या पाठीशी प्रत्यक्ष धनी उभा, त्याच्यावर सेवकाने चोच कशी उगारावी? कथेतील युक्तिवाद असा सरळ आणि घरगुती आहे. ‘घाटी’ हे नाव कोणी घटिकासुराशी जोडतात, तर कोणी घटाशी, म्हणजे घागरीशी. फुललेला फणा घागरीसारखा दिसतो म्हणून. डोंगरांमधली वाट, तीच घाटी, हा अर्थ मराठी माणसाला आधी सुचेल आणि जागा पाहता तो अगदीच गैरलागू वाटत नाही.

मंदिर सहाशे वर्षांहून जुने असून ते संडूरच्या घोरपडे राजांनी वाढविले, असे सर्वत्र सांगितले जाते. या दोन विधानांचा मेळ मात्र जुळत नाही. घोरपड्यांच्या हाती संडूर आले ते 1728 साली, सिदोजी घोरपडे यांनी बेडर नायकांकडून ते जिंकून घेतले तेव्हा. सिदोजींचे पुत्र मुरारराव यांनी पुढे गुत्तीहून दक्षिणेच्या राजकारणात मोठे नाव मिळविले आणि 1776 मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतल्यावर त्यांची कारकीर्द संपली. तेव्हा घोरपड्यांचा आश्रय या मंदिराला लाभला असेल, तर तो अठराव्या शतकाच्या आधी नव्हे. त्या घराण्याला सुब्रह्मण्याविषयी आस्था असणे स्वाभाविक होते. संडूरच्या डोंगरात कुमारस्वामीचे, म्हणजे याच देवाचे, प्राचीन देवालय आहे. मराठ्यांचा या भागाशी संबंध तर त्याहूनही आधीचा. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने बेंगळुरू जिंकल्यावर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बेंगळुरू, कोलार, होसकोटे यांच्याबरोबर दोड्डबळ्ळापूरही होते. सहाशे वर्षांचा आकडा आणि घोरपड्यांचे नाव ही दोन्ही खरी मानायची, तर एवढेच म्हणता येईल की नागाचे ठाणे आधीचे आणि त्यावरची वास्तू मागाहून उभी राहिलेली. देशभरातील असंख्य देवस्थानांचा इतिहास असाच आहे, आणि घाटीला हे अनुमान अधिकच लागू पडते. कारण ते आधीचे ठाणे येथे आजही डोळ्यांना दिसते. त्यासाठी गाभाऱ्यातून बाहेर यावे लागते.

मंदिराच्या आवारात नागशिळा आहेत. एक नव्हे, दहा नव्हे, शेकडो. ओट्यांवर, झाडांच्या बुंध्यांशी, एकमेकींना टेकून त्या ओळीने उभ्या आहेत. हात-दीड हात उंचीच्या या शिळांना कन्नडमध्ये ‘नागरकल्लु’ म्हणतात; कल्लु म्हणजे दगड. हळदी-कुंकवाचे थरावर थर चढल्यामुळे कित्येकींवरचे कोरीवकाम बुजून गेले आहे. जवळ जाऊन पाहिले, तर तीन प्रकार सहज ओळखू येतात. पहिल्यात एकच नाग, वेटोळ्यांवर फणा काढून बसलेला. फणा एक, तीन, पाच किंवा सात. दुसऱ्यात कमरेपासून वर स्त्री आणि खाली सर्पाचे शेपूट अशी नागिणी. तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. त्यात दोन सर्प वेणीसारखे एकमेकांना विळखे घालून समोरासमोर आलेले असतात, आणि विळख्यांच्या पोकळीत पुष्कळदा लहानसे शिवलिंग कोरलेले असते. हे मिथुन होय, आणि या शिळा येथे कशासाठी येतात हे तेच सांगते.

ज्या दाम्पत्याला मूल होत नाही, ते नागशिळा बसविण्याचा नवस बोलते. म्हैसूर प्रदेशातील जुन्या नोंदींत या विधीचे जे वर्णन मिळते, ते असे : शिळा घडवून घेतल्यावर ती प्रथम विहिरीत किंवा तळ्यात सोडायची. तेथे ती सहा महिने राहते. मग बाहेर काढून, मंत्रांनी तिच्यात प्राण आणून, पिंपळाखाली तिची स्थापना करायची. पिंपळ एकटा नसतो. त्याच्या शेजारी कडुनिंब लावलेला असतो. पिंपळ नवरा आणि निंब नवरी मानून त्यांचे लग्नही लावतात. दोन्ही झाडांभोवती बांधलेल्या पाराला ‘अश्वत्थकट्टे’ म्हणतात. आता सहा महिने थांबण्याइतकी सवड सगळ्यांना नसते, त्यामुळे जलवासाचा काळ काही दिवसांवर किंवा तासांवर येतो. परंतु शिळा पाण्यातून गेली पाहिजे हा नियम टिकून आहे. दगड बीजासारखा ओल्यात ठेवायचा आणि दिवस भरल्यावर बाहेर काढायचा, यामागची कल्पना उलगडून सांगायला नको. ती कोणी ग्रंथातून घेतलेली नसावी. शेतात राबणाऱ्या लोकांना आपसूक सुचावी अशी ती आहे.

नाग, पाणी आणि स्त्री यांची सांगड कर्नाटकात किती जुनी आहे, याचा एक भक्कम पुरावा उपलब्ध आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी येथे मधुकेश्वराच्या देवळात पाच फणांच्या नागाची एक शिळा जपून ठेवलेली आहे. तिच्या कडेने ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख कोरलेला असून, चुटु राजकुळाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास, एका राजकन्येने नाग, तळे आणि विहार यांचे दान केल्याची नोंद त्यात आहे. बौद्ध विहाराला दिलेल्या देणगीत नाग आणि तळे एकत्र यावेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. धर्म बदलले, भाषा बदलल्या, पण शिळेचा घाट मात्र फारसा बदलला नाही. घाटीच्या ओट्यावरील कालपरवाची शिळा आणि बनवासीची शिळा यांत सुमारे अठराशे वर्षांचे अंतर आहे. कलेच्या दृष्टीने बनवासीची शिळा कितीतरी सरस. आशय मात्र एका जातीचा.

या लोकपूजेत सुब्रह्मण्य केव्हा आला, हे सांगणे कठीण. तमिळ प्रदेशात मुरुगनच्या हाती वेल, म्हणजे भाला असतो, वाहन मोर असतो, आणि मोराच्या नखांत साप धरलेला असतो. तेथे साप हा देवाच्या पायाशी. कर्नाटकात आणि तेलुगू प्रदेशात मात्र साप हाच देव झाला आहे. कुक्केची कथा या दोहोंच्या मधल्या अवस्थेची वाटते : गरुडाला भ्यालेला वासुकी तेथे तप करतो आणि सुब्रह्मण्य त्याला आपल्यापाशी ठेवून घेतो. गावोगावच्या पारांवर पूजल्या जाणाऱ्या बिननावाच्या नागाला पुराणातील एका थोर देवाचे नाव मिळाले, आणि त्या देवाला आयते भक्त मिळाले, असे या व्यवहाराचे थोडक्यात वर्णन करता येईल.

मराठी वाचकाला यात काहीसे आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात कार्तिकेय हा कडक ब्रह्मचारी. स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये, असा पूर्वापार समज, आणि त्याला अपवाद कार्तिकी पौर्णिमेच्या कृत्तिकायोगाचा. तोच देव कृष्णा-तुंगभद्रा ओलांडताच दोन बायकांचा नवरा आणि मुले देणारा कुलस्वामी होतो, आणि त्याच्या दारात सर्वांत मोठी रांग स्त्रियांची लागते. आणखी एक योग असा, की मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी हा महाराष्ट्रात खंडोबाचा चंपाषष्ठीचा दिवस, तर कर्नाटकात त्याच तिथीला सुब्रह्मण्यषष्ठी साजरी होते. तिथी एकच, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे तिच्यावर दोन निरनिराळ्या देवांचा हक्क.

नागपूजेचे घरगुती रूप मात्र दोन्हीकडे बरेच सारखे आहे. श्रावण शुद्ध पंचमीला महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही नाग पुजतात. बेंगळुरूच्या परिसरात पुष्कळ घरी आदल्या दिवशीच, चतुर्थीला, ही पूजा होते. बायका वारुळावर किंवा नागरकल्लुवर दूध घालतात. त्यास ‘तनि’ घालणे म्हणतात. नैवेद्यात तीळगुळाची ‘चिगळी’ आणि तांदळाच्या पिठाचे ‘तंबिट्टु’ असते. मराठी घरांत या दिवशी चिरणे, तळणे वर्ज्य करून दिंडे उकडतात, त्याच भावनेचा हा प्रकार : नागाला इजा वा झळ पोहोचू नये. मुलांच्या नावांतही ही श्रद्धा उतरलेली आहे. नागराज, नागेंद्र, नागरत्ना, नागम्मा, सुब्बराव, सुब्बम्मा ही नावे जुन्या म्हैसूर भागात इतकी आढळतात, की एखाद्या वर्गाच्या हजेरीपटावर ती नसतील तरच नवल. त्यांपैकी कित्येक नावे कोठल्या तरी पारावरच्या नवसाची फेड म्हणून ठेवलेली असतात.

या श्रद्धेला एक कठोर बाजू आहे, आणि ती वगळून घाटीचे वर्णन पुरे होणार नाही. मूल न होणे, गर्भ न टिकणे, त्वचेचे विकार, लग्न लांबणे यांचे कारण ‘नागदोष’ किंवा ‘सर्पदोष’ मानण्याचा प्रघात आहे. या जन्मी किंवा मागच्या जन्मी, आपण किंवा आपल्या पूर्वजांनी साप मारला, वारूळ खणले, त्याचे हे फळ. या विचारात एक प्रकारची न्यायबुद्धी आहे, हे नाकारता येत नाही. नांगर धरणाऱ्या माणसाच्या हातून साप मरतातच. ज्या जिवाची आपण वंशवेल तोडली त्याच्याकडेच आपल्या वंशासाठी क्षमा मागायची, आणि त्याची दगडी प्रतिमा उभारून ते ऋण फेडायचे, ही कल्पना क्रूर नव्हे. परंतु दोषाचे ओझे प्रत्यक्षात कोणाच्या डोक्यावर पडते? बहुधा सुनेच्या. अपत्यहीनतेच्या बऱ्याच मोठ्या भागात कारण पुरुषाकडे असते, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. तरी उपास करणारी, प्रदक्षिणा घालणारी आणि सासरच्या प्रश्नांना उत्तरे देणारी ती स्त्रीच असते. ज्योतिष्याने दोष सांगावा, विधीचा खर्च ठरवावा आणि कुटुंबाने कर्ज काढावे, असेही घडते. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या ओट्यावर शेकडो शिळा उभ्या आहेत, तेथे आपण एकटीच अभागी नाही हे त्या स्त्रीला न सांगता कळते. हा दिलासा कितपत खरा, हे बाहेरच्याने ठरवू नये. डॉक्टरांकडे जाण्याऐवजी घाटीला जाणे आणि डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर घाटीला जाणे यांत मात्र फार मोठा फरक आहे, आणि शहरातून येणाऱ्यांत आता दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

शिळेवरचा नाग आणि शेतातला नाग यांची गल्लत केल्याने दोघांचेही नुकसान होते. साप दूध पिण्यासाठी जन्मलेला नाही. तो मांसाहारी प्राणी. उंदीर, बेडूक, पक्ष्यांची अंडी हे त्याचे अन्न. दुधातील साखर त्याला पचत नाही. गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीला तोंड लावतो, तो अनेक दिवस पाण्यावाचून ठेवल्यामुळे. वारूळही तो बांधत नाही. ते वाळवीचे काम. आतली ओल आणि समशीतोष्ण हवा त्याला मानवते म्हणून तो रिकाम्या वारुळात आसरा घेतो. शिळांवर कोरलेल्या त्या विळखे घातलेल्या जोडीचीही गंमत आहे. शेतात अशी जोडी दिसली, की लोक नाग-नागिणीचे मीलन समजून हात जोडतात. पुष्कळदा त्या धामणी असतात, आणि त्याही दोन नर. हद्दीवरून किंवा मादीवरून त्यांची कुस्ती चाललेली असते. एकमेकांचे डोके जमिनीला टेकविण्याचा तो खेळ असतो. म्हणजे ज्या दृश्यावरून शिल्पकाराने संतानाचे प्रतीक घडविले, ते दृश्य बहुतेक वेळा पैलवानांचे होते. प्रतीकाचे मोल अर्थातच त्यामुळे कमी होत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणे, बाळगणे आणि त्यांचे खेळ करणे बेकायदा ठरले. महाराष्ट्रात बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांसाठी प्रसिद्ध होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2014 च्या आदेशानंतर तेथे जिवंत नागांच्या मिरवणुकीला बंदी आली आणि प्रतिमेची पूजा पुढे आली. घाटीची परंपरा या बाबतीत मुळातच सुदैवी म्हणावी लागेल. येथे आरंभापासून दगडच पुजला जातो, आणि दगडाला दूध बाधत नाही.

नागाचे भय मात्र कल्पनेतले नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार, 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात किंवा घराशेजारी दंश झालेले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींच्या विषावर गुणकारी अशी एकच लस आपल्याकडे वापरली जाते. ती वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. मांत्रिकाकडे गेलेला वेळ हाच पुष्कळदा मृत्यूचे कारण ठरतो. कर्नाटक शासनाने 2024 च्या आरंभी सर्पदंशाची नोंद रुग्णालयांना सक्तीची केली, आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. ज्या समाजाने सापाला हात जोडले, त्याने ते अकारण जोडले नाहीत, एवढे या आकड्यांवरून समजते. भय आणि आदर यांच्या सीमारेषेवर हा देव उभा आहे.

घाटीला दुसरे एक जग वर्षातून एकदाच भरते. पौष शुद्ध षष्ठीला येथे ब्रह्मरथोत्सव असतो; रथ ओढायला आसपासचे शेकडो गाव लोटतात. त्याच सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, मंदिराभोवतीच्या मोकळ्या रानात बैलांचा बाजार बसतो. हा कर्नाटकातील मोठ्या गुरांच्या बाजारांपैकी एक. येथे मुख्यतः हळ्ळीकार जातीचे बैल येतात : करड्या रंगाचे, अंगाने सडपातळ, लांब चेहऱ्याचे, आणि मागे वळून पुन्हा पुढे आलेल्या टोकदार शिंगांचे. खिल्लार बैल पाहिलेल्याला ते चुलतभावासारखे वाटतील. उत्तर कर्नाटकातून, आंध्र आणि तमिळनाडूतून खरेदीदार येतात. उत्तम जोडीला मांडव घालून, झुली चढवून, प्रसंगी वाजंत्री लावून बाजारात आणतात. मालकाची ऐट पाहून तो बैल विकायला आला आहे की मिरवायला, असा प्रश्न पडावा. सौदा बोलून होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक पंचाखाली हात धरतात आणि बोटांच्या खुणांनी किंमत ठरवितात. ट्रॅक्टरमुळे जनावरांची संख्या पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे बाजारातले म्हातारे आवर्जून सांगतात. नाग हा शेताचा राखणदार आणि बैल हा शेताचा आधार. दोघांची जत्रा एकाच जागी भरावी, यात योगायोग थोडा आणि शेतकऱ्याचा हिशेब जास्त.

हे रान आता शहराच्या वाटेवर आले आहे. 2011 च्या जनगणनेत बेंगळुरू महानगराची वस्ती चौऱ्याऐंशी लाखांवर गेली होती. 2008 मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाल्यापासून शहराचा ओढा विशेषेकरून उत्तरेकडे आहे, आणि देवनहळ्ळी ते दोड्डबळ्ळापूर हे अंतर फार नाही. नाचणीच्या शेतांत सिमेंटचे खांब रोवून भूखंडांच्या हद्दी आखल्या जात आहेत. माती उपसली, की वारुळे जातात. वारुळे गेली, की साप नव्या घरांच्या अंगणांत, गाड्यांच्या निवाऱ्यांत, पावसाळी गटारांत शिरतात. मग सर्पमित्राला फोन जातो. तो येऊन नागाला पिशवीत घालतो आणि शहराबाहेर सोडून येतो. हे शहराबाहेर म्हणजे नेमके कोठे, याचे उत्तर दर वर्षी पुढे सरकते.

शिळांचे तसे नाही. बेंगळुरूच्या जुन्या पेठांतून आणि वसाहतींतून चालताना पिंपळ-निंबाचे पार अजून ठिकठिकाणी दिसतात. रस्ता रुंद करताना पार मध्ये आला, तर पुष्कळदा रस्ताच त्याला वळसा घालतो, आणि दोन्ही बाजूंनी वाहने धावत असताना मधल्या बेटावर पाच-सात नागरकल्लु हळदकुंकू लेवून उभे असतात. झाड पडले तरी शिळा हलवायला मजूर सहसा धजत नाहीत. शहराच्या नैर्ऋत्येस रामोहळ्ळी येथे अलीकडच्या काळात मुक्तिनागाचे नवे क्षेत्र उभे राहिले असून, तेथील अखंड शिळेतला भव्य नाग पाहायला मोठी गर्दी लोटते. त्याच्या भव्यतेपुढे घाटीचा नाग लहानच वाटेल. परंतु ज्याला ही पूजा कशी घडत गेली ते पाहायचे आहे, त्याने घाटीलाच जावे आणि दर्शन झाल्यावर लगेच बस न पकडता ओट्यांभोवती एक फेरी मारावी.

फेरीत एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. आतल्या बाजूच्या, झाडाच्या मुळांनी वेढलेल्या शिळा सर्वांत जुन्या. त्यांवरचे फणे झिजून नुसते उंचवटे उरले आहेत. काहींना मुळांनी अर्धे गिळले आहे. बाहेर येत जावे, तसतशा रेषा स्पष्ट होत जातात. अगदी कडेच्या शिळा नव्या : दगड अजून राखाडी, छिन्नीचे घाव ताजे, आणि पायथ्याशी सिमेंट ओले. तेथे एखादे जोडपे बसलेले असते. पुरोहित सांगेल तसे ती दोघे शिळेवर दूध ओततात, मग पाणी, मग हळद. शेजारी सासू किंवा आई उभी असते. विधी तासाभरात संपतो, पुरोहित पुढच्या शिळेकडे वळतो, आणि ती मंडळी दुपारच्या बसची वेळ विचारीत फाटकाकडे निघतात.